फुगेवालीला हात लावू नये

हॅलो? … हां, बोल गं चिमे. पण पटकन बोल, मी कामावर आहे. … काय? … अगं, आधी रडू नकोस. एक शब्द कळत नाहीये. … कोण आजारी? … ठोंब्या? आपला ठोंब्या?

कधीपासून? … काल संध्याकाळपासून उलट्या करतोय, आणि तू मला आज सांगतेयस? दुपारचे बारा वाजून गेले! … थांब. एक मिनिट थांब.

काका, त्या बाटल्या इथे नकोत, फ्रीजपाशी न्या. नळाचं पाणी वरच्या कप्प्यात, विहिरीचं खालच्या. आणि चिठ्ठ्या ओल्या करू नका हो, मागच्या वेळी कुठलं पाणी कुठलं तेच कळेना. … हो, तपासते मी. येतेच.

हां, बोल. जिन्यात आलेय. आत साहेब घड्याळ बघत बसतात, कोण किती वेळ फोनवर बोलतंय ते. बघू दे. … जुलाबही? … पोट फुगलंय? … थरथरतोय? … अरे देवा. आता कुठे आहे? … दवाखान्यात. कोणाबरोबर? …

तुझ्या दादाबरोबर. बरोबर आहे, त्याचाच लाडका, त्यानंच न्यायचा. … नाही, मी चिडलेली नाहीये. … नाही गं, माझा आवाजच असा आहे.

डॉक्टरीण काय म्हणाली? … सलाइन लावलंय. … डोळे उघडे आहेत ना? … आणि शेपटी? शेपटी हलवतो का? … चिमे, मी काय विचारतेय? शेपटी हलवतो का तो? … नाही हलवत.

… बरं. आणखी काय म्हणाली ती?

"काय पोटात गेलंय ते कळल्याशिवाय नेमके उपचार करता येत नाहीत." अगदी बरोबर बोलली ती. मग, काय गेलंय पोटात? … "तुलाच माहीत" म्हणजे? मला कसं माहीत असेल? अकरा आठवडे झाले मला घर सोडून! इथं परगावच्या पाण्याच्या बाटल्या तपासत बसलेय मी. तिथं कुत्रा काय खातो ते मला स्वप्नात दिसणार आहे का? …

कोणी? … परत बोल. … परत बोल चिमे, नीट ऐकू दे मला.

फुगेवालीनं?

फुगेवालीनं चावलं ठोंब्याला? … कोण म्हणालं हे? … तुझा दादा म्हणाला. वा! वा रे शहाण्या! म्हणजे डॉक्टरिणीसमोर उभं राहून हा माणूस सांगतोय, की बायकोनं गॅलरीतल्या टबात मांसाहारी झाड पाळलंय आणि ते कुत्र्याला डसलं. हेच सांगितलं? ह्याच शब्दांत? … आणि डॉक्टरीण हसली नाही? …

नाही, मला हसू येत नाहीये! माझ्या डोक्याची शीर तडतडतेय!

अगं ऐक ना… ऐक… मला बोलू दे… चिमे! गप्प बस एक मिनिट!

फुगेवालीला दात नाहीत. काटे नाहीत. मूळसुद्धा नाही तिला, नुसती पाण्यावर तरंगते. अंगभर बारीक बारीक फुगे असतात, म्हणून तर तिला फुगेवाली म्हणतो आपण. एकेक फुगा केवढा? मोहरीएवढा! फार तर फार मोहरीएवढा. डासाची अळी जवळून गेली, की फुग्याचं झाकण उघडतं, अळी आत ओढली जाते, झाकण बंद. बस. एवढीच तिची शिकार. त्या फुग्यात अळी कशीबशी मावते, आणि ठोंब्याची जीभ तुझ्या चपलेएवढी! कोण कोणाला चावणार, सांग ना? …

हो, मांसाहारी म्हणतात तिला. हो, पुस्तकात तसंच लिहिलंय. … अगं, म्हणजे पाण्यातले किडे! वाघ नाहीये ती! …

विषारी? नाही. नाही गं. कुत्र्याला तिच्यानं विषबाधा झाल्याचं मी कुठे वाचलं नाही, ऐकलं नाही, आणि मी ती आणायच्या आधी महिनाभर शोधलं होतं. कुत्र्यानं अख्खा गुंता ओढून गिळला तर पोट बिघडेल, एखादी उलटी होईल. गवत खाल्लं तरी होते. पण असं थरथरणं, पोट फुगणं… ते तिचं काम नाही. … हो, खात्री आहे. … हो, शंभर वेळा विचार, शंभर वेळा सांगते, खात्री आहे!

… तेच तर. तेच तर माझं दुखणं आहे ना! मी लिहून दिलंय. टबाच्या वर भिंतीवर चिकटवलाय कागद, तुझ्या डोळ्यांसमोर चिकटवला. पहिली ओळ, "ही वनस्पती कुत्र्याला अपाय करत नाही." दुसरी ओळ, "हिला हात लावू नये." खाली माझी सही. तुझा दादा म्हणाला, काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी! आण पेन!

म्हणून सांगतेय, ठोंब्याला काही झालं ना, तर मी त्या घरात परत पाय ठेवू शकणार नाही. तो काही बोलणार नाही. तोंडातून शब्द काढणार नाही तुझा दादा, तू ओळखतेस त्याला. नुसता त्या कागदाकडे बघेल. जन्मभर बघेल. …

नाही, मी रडत नाहीये. जिन्यात धूळ आहे.

… "दादा तेव्हाच म्हणत होता." हां, आता आलीस मुद्द्यावर! भावाची बहीण शेवटी! काय म्हणत होता तुझा दादा तेव्हा? सांग, सांग. "या घरात एक तर ती राक्षसीण राहील, नाही तर कुत्रा." हेच ना? मी बॅग भरत होते तेव्हा! सहा महिन्यांसाठी परगावी निघाले होते, आणि नवऱ्याला भांडायला विषय कुठला, तर टबातलं झाड! मग मीही म्हटलं, राक्षसिणीबरोबर मलाही बाहेर काढ. आणि गेले. स्टँडवर सोडायला आला का? तू आलीस. बॅग तू उचललीस. तो दुकानात बसून कुणाच्या तरी बाह्या उसवत होता. …

फोन? मी का करू फोन? त्यानं केला का? अकरा आठवड्यांत एकदा? … मग! …

बरं, ते सोड. सोड ते सगळं. आता तू कुठे आहेस? … आमच्या घरी? कशाला? … डॉक्टरिणीला फुगेवालीचा तुकडा हवाय, बाटलीत घालून. बरं. शहाणी बाई आहे, बघून ठरवते आहे. … आणि दादानं काय सांगितलंय तुला? "तुझ्या वहिनीला फोन करू नकोस." ऐक! ऐक चिमे, तुझ्या कानांनी ऐक! कुत्रा मरायला टेकलाय, झाडाची माहिती असलेली घरात एकच बाई, आणि तिलाच फोन करायचा नाही! … बरं केलंस, केलास तो. तूच एक शहाणी आहेस त्या घराण्यात.

आता गॅलरीत जा. फोन कानाला ठेवूनच जा. … कपडे बाजूला सार. … टबाजवळ उभी राहा. काय दिसतंय? …

खाली? खाली म्हणजे? टब जमिनीवर कसा आला? मी तो लोखंडी घोडीवर ठेवला होता, छातीएवढ्या उंचीवर! ठोंब्या बुटका आहे, त्याचं नाक पोचू नये म्हणूनच! कोणी उतरवला? … तुला माहीत नाही. कोणाला माहीत असतं त्या घरात काही? … उन्हात ठेवलाय? बरं. पुढे बोल. पाणी कसं आहे? …

गढूळ? … पांढरट साय? … आणि वास?

कसला वास? … नाकाला पदर लावण्याइतका? नाही, नाही, शक्य नाही. चिमे, ती स्वच्छ पाण्यातच जगते. मी पावसाचं पाणी साठवून घालायचे तिला. तिच्या पाण्याला कधी वास येत नाही! … मेलेला उंदीर बिंदीर पडलाय का बघ. काठीनं ढवळ. … हँगरनं ढवळ मग! …

काय लागलं? … पांढरे पांढरे तुकडे? कशाचे? … नीट बघ, ओकारी येऊ दे, मग परत बघ. …

मांस?

आमच्या घरात? आमच्या घरात मांस कुठून येईल गं? तुझा दादा अंड्याच्या वासानं पंगतीतून उठून जातो! … कोणी तरी वरून टाकलं असणार. त्या वरच्या मजल्यावरच्या बाई, मांजरवाल्या! मला पहिल्यापासून त्यांचा संशय आहे. मांजराचं उरलंसुरलं खाली भिरकावतात. … त्या नाहीत? गावाला गेल्या? महिना झाला? मग… मग तुझे यजमान! हो, तुझ्या घरी शिजतं, मला माहितीये. … अगं मी आरोप करत नाहीये, विचारतेय! … बरं बाई, चुकलं. चुकलं माझं. रडू नकोस, एकीनंच रडायचं एका वेळी.

… काय? … हे तू मला आत्ता सांगतेस?

रोज सकाळी? कोणत्या पिशवीतून? … काळी छोटी पिशवी. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून. तुझा दादा. … तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस? … आणि तुला वाटलं, वहिनी नाही घरात तर दादा चोरून खायला लागला. … अगं, खाऊ दे ना खायचं तर! पण तो खाणार नाही. तो माणूस… थांब. थांब थांब थांब.

फ्रीज उघड.

मी सांगते म्हणून. उघड फ्रीज. … वरचा कप्पा. … दुधामागे. … डबी आहे? … उघड. … बारीक कापलेले तुकडे. कशानं कापलेत, सुरीनं? … एकसारखे? सगळे एका मापाचे? … कातरीनं. शिलाईच्या कातरीनं कापलेत ते, मला न बघता कळतंय. शिंप्याचा हात आहे तो. आणि डबीवर काही लिहिलंय का? … वाच. …

"फुगेवाली, सकाळचं."

… हॅलो… आहे गं. बसले मी पायरीवर.

तिला खायला घालत होता तो. चिमे, तुझा दादा त्या झाडाला रोज मांस भरवत होता! अरे गाढवा! अरे अक्कलशून्य माणसा! इवलेसे फुगे आहेत तिचे, त्यात कोंबडी कशी जाईल? … काय? हातमोजे? … बेसिनपाशी रबरी हातमोजे आणि नाकाला बांधायला फडकं. बांधणारच. वास सहन होत नाही ना साहेबांना! नाक बांधून मांस कापतोय! कोणासाठी, तर राक्षसिणीसाठी!

पण का? मी जाईपर्यंत तर ती ओतून द्यायची होती त्याला… शोध तिथे. काही तरी सापडेल. तो माप घेतल्याशिवाय, टिपल्याशिवाय काही करत नाही. लांब मापाची वही असेल. … दुकानातली नाही गं, जुनी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. गिऱ्हाइकांची मापं लिहितो ती. … मशीनच्या खणात बघ. … सापडली? शेवटून उघड. … काय लिहिलंय? …

फुगेवालीचं माप? इंचात? टेप लावून?

वाच. सगळं वाच. हळू वाच. …

"तेरा इंच." हं. … "साडेअकरा. खाली झुकते." … "नऊ. पाने गळतात." … "साडेसहा. थंडीत डास नाहीत, म्हणजे हिला खायला नाही. उपाशी आहे." …

चिमे, तर्क बघ त्याचा. चुकलाय, पण तर्क आहे. डास नाहीत म्हणून उपाशी! मला सुचलं नसतं असं. …

वाच पुढे, वाच. … "तिला विचारावे का?" तिला म्हणजे मला. … "फोन लावला. वाजण्याआधी ठेवला. रागात असेल." …

हं. … हं. वाच. …

"पहिला दिवस. तुकडे दिले. खाल्ले नाहीत." … "दुसरा दिवस. बारीक केले. नाही खाल्ले." … "तिसरा. वास येतो. मांसाहारी आहे, येणारच." अरे कर्मा! मेल्या, कुजतंय ते! … "पाचवा. पाच इंच. ती परत आली आणि ही नसेल, तर काय तोंड दाखवू." …

थांब जरा. … काही नाही. वाच. …

"सातवा. उन्हासाठी टब खाली ठेवला. दुपारी पाहिले, सगळे फस्त! वर एक तुकडा नाही." … "आठवा. दुप्पट दिले. फस्त! खायला लागली." खाली दोन रेघा. दोन रेघा ओढल्यात?

अगं, फुगेवालीनं नाही! ठोंब्यानं! टब खाली आला, ठोंब्याचं नाक पोचलं! ज्याला जन्मात मांस मिळालं नाही, त्याला टबभर मिळालं! आठवडाभर सडलेलं, त्या नासक्या पाण्यासकट, दोन दिवस ढोसलं त्यानं! आणि तुझा दादा वहीत रेघा ओढतोय!

… काय लिहिलंय शेवटी? आजचं? … "मीच तिला रक्ताची चटक लावली. मीच ठोंब्याला मारले."

असं वाटतंय त्याला? आत्ता त्या दवाखान्यात बाकावर बसून हे वाटतंय त्याला? आणि डॉक्टरिणीला अर्धंच सांगितलंय. झाड चावलं म्हणाला, मांसाचं बोललाच नाही, कारण त्याच्या मते मांस झाडानं खाल्लं!

चिमे, रडणं बंद. आता ऐक. त्याला फोन जोड. माझा न ठेवता, ते बटण असतं ना, दोन फोन एकत्र करायचं. … असतं गं, तू तुझ्या मैत्रिणींना तिघी तिघींना जोडतेस, तेव्हा बरं सापडतं! … हां, ते. दाब. … वाजतंय. … घे, घे लवकर फोन, बाबा…

हॅलो?

… …

हॅलो. मी बोलतेय.

ऐकू येतोय मला तुझा श्वास. बोलू नकोस हवं तर. अकरा आठवडे नाही बोललास, आणखी पाच मिनिटं बोलू नकोस. फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दे. … अरे, आत जा आणि दे! … कोणत्या तोंडानं? त्याच तोंडानं, दुसरं आणलंयस का बरोबर? जा!

… नमस्कार डॉक्टर. मी त्यांची पत्नी. … हो, ती झाडवाली मीच. ऐका, झाडाचा संबंध नाही. टबात कच्च्या कोंबडीचे तुकडे पडून होते, काही आठवडाभराचे. पाणी पूर्ण नासलंय. कुत्र्यानं ते दोन दिवस खाल्लंय, पाणीही प्यायलंय. … नाही, आधी कधीच मांस खाल्लेलं नाही. … हाडं? थांबा. चिमे, हाडं होती का डबीत? … नाही डॉक्टर, बिनहाडाचे, बारीक. … उंदराचं औषध घरात नाही. टबात खत, औषध काही नाही, मी घालतच नाही. … हो. नणंद पाण्याचा नमुना आणून देते, स्वच्छ बाटलीत, झाकण घट्ट लावून. … हो. … मग आता? … हो. … हो, समजलं. खरं सांगा डॉक्टर, वाचेल ना? … … संध्याकाळपर्यंत बघावं लागेल. पण आशा आहे. … बरं. … बरं. उपकार झाले तुमचे. द्या, त्यांना द्या फोन.

आहेस का? … ऐकलंस ना सगळं? कळलं ना आता, कोणी काय खाल्लं ते? …

माफी? माफी मागतोस? अरे, रोज उठून चिकनवाल्याच्या रांगेत उभा राहशील, नाक बांधून कातरी चालवशील, झाडाला टेप लावशील, पण बायकोला एक फोन करणार नाहीस! "अगं, तुझं झाड बारीक होतंय, काय करू?" सात शब्द! मी दोन शब्दांत उत्तर दिलं असतं. काही करू नकोस! … बरं, तीन. मोजत बसू नकोस आता!

… काय? …

… हो. … नाही केला. मीही नाही केला. मला वाटलं, तू ओतून दिलं असशील. मला वाटलं, मी फोन केला की तेच ऐकावं लागेल. म्हणून नाही केला. झालं समाधान? …

नको, तू नको रडूस. तुम्हा भावंडांना मी एकटी किती पुरू? … काय? … कोण? … माझा आवाज ऐकून? फोन मोठ्या आवाजावर आहे का? मग तो त्याच्या कानापाशी धर. … ठोंब्या! ए ठोंब्या! ए बुटक्या! काय खाल्लंस रे खादाडा? लाज नाही वाटत? … हलवली? किती? … एकदाच? एकदा पुष्कळ झालं. … ठोंब्या, ऐक, पडून राहायचं. सुई ओढायची नाही. …

हो, मीही रडतेय. असू दे.

काय? … नाही, नाही मेली ती. … अरे, पाच इंच म्हणजे मेली नव्हे. थंडीत ती अशीच होते. सगळी पानं टाकते, आकसून आकसून शेंड्याची हिरवी गाठ होते, आणि तळाशी जाऊन बसते. दरवर्षी होते. तुझं लक्ष कधी होतं? … उपाशी नव्हती ती. झोपली होती. …

आता हे ऐक. संध्याकाळी घरी गेलास की टब घोडीवर चढव, पण आधी सगळं पाणी ओत. कुत्रा पोचणार नाही असं ओत. तळाशी गाळात हाताला बोराएवढी घट्ट हिरवी गाठ लागेल. मऊ पडली असेल तर गेली, घट्ट असेल तर आहे. ती धुऊन स्वच्छ पाण्यात ठेव. पिंपात मी साठवलेलं पावसाचं पाणी आहे, ते घाल. आणि तिच्या तोंडात काही कोंबू नकोस! कळलं? … टेप लावलीस तरी चालेल. हो. लाव.

मी? … नाही, शनिवारी. शनिवारी सकाळी रजा मिळेल. … कुत्र्याला बघायला येतेय! गैरसमज नको. … हो, आणि त्या गाठीलाही. … तिसरं कोणी नाही यादीत. … असेल. बघू. आधी स्टँडवर ये, मग बघू.

… हां, काका! आले, आले! साहेबांना सांगा, घरचं आहे. … हो, कुत्रा आजारी आहे. … सांगा तसंच!

चिमे, तू अजून लाइनवर आहेस का गं? … आहेस! सगळं ऐकत होतीस! ठेव फोन, भवाने, आणि बाटली घेऊन दवाखान्यात पळ! … गेली एकदाची.

हां, तू आहेस ना? … आणखी एक. भिंतीवरचा तो कागद. … नाही, सगळा काढू नकोस. पहिली ओळ राहू दे, ती खरी आहे. मी खोटं लिहून दिलं नव्हतं. … दुसरी फाड. … हो, तीच. "हात लावू नये" ती. … अरे, बोट घालून गाठ शोधायचीय ना तुला? मग! …

फाड. व्यवस्थित, रेघ मारून, कातरीनं. … आणि कातरी आधी धुऊन घे.

… ठेवते. … ठेव ना तू. … तू ठेव आधी. … बरं, मी ठेवते.